नऊ नंबरची रिकामी जागा

भारतीय फुटबॉल संघाची यादी जाहीर झाली की बहुतेकांचे डोळे ओळखीची नावं शोधतात. कोण आत, कोण बाहेर, कुणाला डावललं. ही यादी खरं तर खालून वर वाचावी. तिच्या ओळी ठरलेल्या असतात : गोलरक्षक, बचावफळी, मधली फळी आणि शेवटी आघाडी. आशिया चषकासारख्या स्पर्धेला २६ जण नेता येतात, त्यातले तीन गोलरक्षक असावेच लागतात. उरले तेवीस. प्रत्येक जागेला दोन माणसं धरली तरी तीन जास्तीचे राहतात, म्हणजे संख्येची अडचण नाही. अडचण शेवटच्या ओळीत आहे : गोलपुढे मधोमध खेळणारा सेंटर फॉरवर्ड, म्हणजेच नऊ नंबर, तिथे सापडत नाही. तिथल्या प्रत्येक नावापुढे पेन्सिलीनं लिहून पाहा, हा गडी आपल्या क्लबात कुठे खेळतो.

जानेवारी २०२४ मध्ये कतारला झालेल्या आशिया चषकाचंच उदाहरण घ्या. लालियानझुआला छांगते मुंबई सिटीकडून विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेनं. विक्रम प्रताप तिथेच, विंगवर. राहुल के. पी. केरळ ब्लास्टर्सचा, तोही विंगर. मनवीर सिंग मोहन बागानचा उजवा विंगर. ईशान पंडिता सेंटर फॉरवर्ड खरा, पण त्याची ख्याती शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत उतरून गोल मारण्याची. आणि सुनील छेत्री, वय ३९. ऑस्ट्रेलियाविरुद्ध ०-२, उझबेकिस्तानविरुद्ध ०-३, सीरियाविरुद्ध ०-१. तीन सामने, गोल शून्य. प्रशिक्षक, डावपेच, तयारीला मिळालेले दिवस, सगळ्यांवर खापर फुटलं आणि त्यात थोडंफार तथ्यही होतं. पण जो धंदा वर्षभर कुणी केलेलाच नाही, तो राष्ट्रीय शिबिरात दोन आठवड्यांत शिकवता येत नाही.

हा धंदा आहे तरी काय? गोलची चौकट ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच. पेनल्टीचा ठिपका ११ मीटरवर, गोलक्षेत्राची रेघ साडेपाच मीटरवर. सेंटर फॉरवर्डचं जग म्हणजे या दोन खुणांमधला पट्टा, आणि तिथे त्याला चेंडूशिवाय काम करता यावं लागतं. विंगवरून क्रॉस, म्हणजे कडेनं गोलपुढे मारलेला चेंडू, येणार असं दिसलं की कच्चा फॉरवर्ड थेट पहिल्या खांबाकडे धावतो. स्टॉपर, म्हणजे समोरच्या बचावफळीतला मधला गडी, त्याला बघतो आणि आरामात सोबत जातो. मुरलेला फॉरवर्ड आधी उलटा, दूरच्या खांबाकडे दोन पावलं सरकतो, स्टॉपरच्या पाठीमागे. आता स्टॉपरला चेंडू आणि माणूस एका नजरेत मावत नाहीत. त्यानं मान वळवली की त्याच क्षणी हा त्याच्या पुढून पहिल्या खांबाकडे कापतो. अर्ध्या सेकंदाचा खेळ. लवकर निघाला तर चेंडू मागे राहतो, उशिरा निघाला तर स्टॉपर आडवा येतो, आणि विंगरनं मान वर करण्याआधीच निघाला तर सगळंच फुकट. वर एकच टच मिळतो. चेंडू आधी थांबवून मग मारायचा म्हटलं तर तोवर समोर तीन पाय आलेले असतात.

दुसरं काम गोलकडे पाठ करून. मागून लांब चेंडू येतो, पाठीवर ऐंशी किलोचा स्टॉपर रेलतो. अशा वेळी खांदा आडवा घालून, कंबर खाली नेऊन, स्टॉपरपासून लांबच्या पायावर चेंडू घ्यायचा, दोन-तीन सेकंद टिकवायचा आणि धावत येणाऱ्या मिडफिल्डरला द्यायचा. विंगरला इथे उभं केलं की तो सवयीनं चेंडू घेताना अंग मैदानाकडे उघडतो. टचलाइनवर, मैदानाच्या कडेच्या रेघेवर, ते बरोबरच असतं, कारण तिथे एका बाजूला कुणी नसतं. मधोमध मात्र उघडलेल्या बाजूनंच स्टॉपरचा पाय येतो. चेंडू गेला, संघ पुढे सरकलेला, आणि उलटा हल्ला सुरू. भारताचे सामने पाहणाऱ्यांना हे दृश्य पाठ झालेलं आहे.

गंमत अशी की ज्या काळाला आपण सुवर्णकाळ म्हणतो, त्या काळात या जागेची टंचाई नव्हती. ३१ जुलै १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध भारत १-२ असा हरला. दोन पेनल्टी दवडल्या, सारंगपाणी रामननं गोल केला, आणि बहुतेक गडी अनवाणी होते. त्या अनवाणी पायांचं पुढे फारच कौतुक झालं. अनवाणी खेळायला बंदी म्हणून १९५०च्या विश्वचषकाला गेलो नाही, ही कथा त्यातूनच रुजली. इटली, स्वीडन आणि पॅराग्वेच्या गटात भारताचं नाव होतं, प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलायला ब्राझील तयार होता. महासंघानं तेव्हा पुढे केलेली कारणं म्हणजे सरावाला वेळ नाही आणि संघनिवडीवरून मतभेद. मुळात ऑलिंपिकपुढे विश्वचषकाची किंमतच कुणाला वाटत नव्हती. अनवाणी खेळण्याचा खरा हिशेब चुकता झाला तो १९५२ला, हेलसिंकीच्या थंडीत. युगोस्लाव्हिया १०, भारत १. त्यानंतर बूट सक्तीचे झाले.

मधल्या १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांत अंतिम सामन्यात इराणला १-० हरवून भारतानं सुवर्ण जिंकलं. गोल शिऊ मेवालालचा. सेंटर फॉरवर्ड, बिहारचा. पुढे १९५६ला मेलबर्न ऑलिंपिक आणि मुंबईचा नेव्हिल डिसूझा. पहिल्या फेरीत हंगेरीनं माघार घेतल्यानं भारताला पुढे चाल मिळाली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. चौथा क्रमांक मिळाला तो एका विजयावर. पण तो विजय यजमान ऑस्ट्रेलियावर होता, ४-२ असा, आणि त्यातले तीन गोल नेव्हिलचे. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्याचाच. नंतर चार गोल खाल्ले ती गोष्ट वेगळी. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियानं ३-० हरवलं. स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत, चार गोलांसह, मुंबईचा हा माणूस होता. मुंबईत त्याच्या नावाची आठवण किती जणांना आहे, हा प्रश्न विचारू नये हेच बरं.

मेवालाल आणि डिसूझा कुठून आले? खास प्रबोधिनी नव्हती, परदेशी प्रशिक्षक नव्हते. उत्तर त्या काळच्या रचनेत आहे. जुनी मांडणी २-३-५ : दोन बॅक, तीन हाफ, पाच फॉरवर्ड. रेल्वे, पोलीस, गिरण्या, तेल कंपन्या, गोदी, सगळ्यांचे संघ होते, आणि प्रत्येक संघाला पाच आघाडीवीर लागत. त्यातला मधला सेंटर फॉरवर्ड. वीस संघ धरले तर शंभर फॉरवर्ड दर आठवड्याला गोलपुढे धडका देत असत. त्यातून एक मेवालाल निघणं हा चमत्कार नव्हे, साधं गणित आहे. परदेशी खेळाडू अगदीच मोजके, त्यामुळे वीसही जागा जवळजवळ घरच्याच माणसांच्या.

सय्यद अब्दुल रहीम यांनी हे गणित बदललं, आणि तेही वेळेवर. हैदराबादचे शिक्षक, मग हैदराबाद सिटी पोलीसचे आणि भारतीय संघाचेही प्रशिक्षक. १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षं पोलीस संघानं मुंबईत येऊन रोव्हर्स चषक नेला. भारतीय गड्याला ड्रिबलिंगचा, म्हणजे चेंडू पायाशी खेळवत एकट्यानं पुढे नेण्याचा, फार सोस, हे त्यांच्या लक्षात आलेलं. म्हणून ते अशा स्पर्धा भरवत जिथे चेंडू घेऊन ड्रिबल करायलाच मनाई, किंवा फक्त कमजोर पायानं खेळायचं. आज त्याला शास्त्रीय नाव मिळेल. तेव्हा तो एका शाळामास्तरचा गृहपाठ होता. आघाडीवरची माणसं कमी करून मागे चौघं ठेवण्याची ४-२-४ पद्धत त्यांनी भारतीय संघात रुजवली.

आणि मग जकार्ताचे आशियाई खेळ, १९६२. हा किस्सा शौर्यकथा म्हणून सांगतात. तो निवडीचा किस्सा म्हणून सांगण्यासारखा जास्त आहे. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ हार. मग थायलंडवर ४-१, पण त्यात स्टॉपर जर्नेल सिंगच्या डोक्याला जखम झाली, सहा टाके पडले. जपानविरुद्ध तो बाहेर, भारत २-० जिंकला. आता उपांत्य फेरी, समोर दक्षिण व्हिएतनाम. आजच्यासारखी पाच बदली खेळाडूंची चैन नव्हती. विश्वचषकात बदली खेळाडू आले तेच मुळी १९७०ला. सुरुवातीचे अकरा जण निवडताना चुकलं तर चुकलं.

रहीमसाहेबांनी जर्नेलला घेतलं, पण स्टॉपर म्हणून नाही. सेंटर फॉरवर्ड म्हणून. स्टॉपरच्या जागी अरुण घोष. वरवर वेडेपणा वाटतो. पण विचार करून पाहा : स्टॉपरला आपल्या गोलपुढे येणारा प्रत्येक उंच चेंडू डोक्यानं काढावाच लागतो, तिथे निवड नसते. फॉरवर्ड कुठल्या चेंडूवर उडी घ्यायची ते स्वतः ठरवू शकतो. शिवाय जर्नेलचं दणकट अंग समोरच्या बचावफळीत नुसतं उभं राहिलं तरी दोन माणसं त्याच्यावर अडकत, आणि चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी, बलराम यांना मोकळी जागा मिळे. दक्षिण व्हिएतनामवर ३-२, चुनीचे दोन, जर्नेलचा एक.

४ सप्टेंबर १९६२, अंतिम सामना, पुन्हा दक्षिण कोरिया. स्टेडियममध्ये लाखाच्या आसपास लोक आणि जवळजवळ सगळे भारताविरुद्ध. इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नाही, त्यावर भारताचे क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला होता, त्याचा राग या अकरा जणांवर निघत होता. भारताच्या बाजूनं ओरडणाऱ्यांत पाकिस्तानचे हॉकीपटू होते, हे आज कुणाला खरं वाटणार नाही. १७व्या मिनिटाला पी. के., २०व्याला जर्नेल. कोरियानं शेवटी एक फेडला. २-१, सुवर्ण. त्या अकरांत मुंबईचे धागे दोन : टाटांकडून खेळणारा फॉर्च्युनाटो फ्रँको आणि कॅलटेक्सचा चंद्रशेखर. संघ जिंकला तेव्हा रहीमसाहेबांना कर्करोगानं ग्रासलेलं होतं. ११ जून १९६३ला ते गेले.

जर्नेलची गोष्ट एरवी इथेच संपवतात. पण त्यात एक नाजूक जागा आहे. तो डाव साधला कारण बाकीच्या दहा जागा पक्क्या होत्या आणि जर्नेलला चेंडू पोहोचवणारे तिघं आशियात अव्वल होते. पुढे तडजोडीचं तत्त्वज्ञान झालं : आघाडीला कुणीही चालेल, फक्त जिद्द हवी. जिद्दीनं एक सामना निघतो. पात्रता फेऱ्या निघत नाहीत.

१९६४ला इस्रायलमध्ये आशिया चषकाचं उपविजेतेपद मिळालं, संघ चारच होते. इंदर सिंग तिथे चमकला. १९७०ला बँकॉकच्या आशियाई खेळांत जपानला हरवून कांस्य. नंतरची दोन दशकं भराभर ओलांडली तरी चालतील. फक्त एक गोष्ट टिपून ठेवावी. १९८०ला ईस्ट बंगालमध्ये माजिद बिश्कर आणि जमशेद नासिरी हे इराणी आले, काही वर्षांनी नायजेरियाचा चिमा ओकोरी. मैदानं भरली, गोल बरसले. कोलकात्याच्या मोठ्या क्लबांना कळलं की परदेशी माणसाला पैसे द्यायचेच तर ते गोल मारणाऱ्याला द्यावेत. बाजाराच्या दृष्टीनं यात चूक काहीच नाही. त्याच काळात जगभर आघाडीची माणसं घटत होती : पाचाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. म्हणजे आधी जागा आटली, आणि जी एक उरली ती विकत आणलेल्या माणसाला गेली.

२०१४ला इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा मैदानावर अकरांपैकी सहा परदेशी चालत. २०१७-१८ला ते पाच झाले, २०२१-२२पासून चार. ही घट स्वागतार्हच, पण ती कुठल्या जागांवरून झाली ते पाहावं. प्रशिक्षक चार परदेशी कुठे लावतो? एक स्टॉपर, एक मधल्या फळीचा सूत्रधार, एक त्याच्या पुढचा, आणि एक सेंटर फॉरवर्ड. म्हणजे संघाचा कणा. बाजूच्या जागा भारतीयांना. म्हणून आपल्याकडे विंगर आणि विंगबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, चांगले तयार झाले, ते उगाच नव्हे. त्यांना तिथे दर आठवड्याला नव्वद मिनिटं मिळतात. पहिल्या अकरा मोसमांत लीगचा सर्वाधिक गोलांचा मान एकदाही भारतीयाकडे आला नाही : एलानो, मेंडोझा, मार्सेलिनो, दोनदा कोरो, अंगुलो, ओगबेचे वगैरे, शेवटी २०२४-२५मध्ये मोरोक्कोचा अलाउद्दीन अजाराई, २३ गोल. भारतीयांत त्या मोसमात सर्वांत पुढे छेत्री होता, १४ गोल, वयाच्या चाळिशीत. अभिमान वाटावा की लाज, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मला लाजच जास्त वाटते.

यात क्लबांना खलनायक करणं सोपं आहे. प्रशिक्षकाची नोकरी पाच-सहा पराभवांत जाते. तिशीचा परदेशी फॉरवर्ड दहा-बारा गोलांची जवळजवळ हमी देतो. वीस वर्षांच्या मुलाला तीच जागा दिली तर पहिल्या दहा सामन्यांत तो हमखास चुकणार. चुकणं हाच त्याचा सराव असतो, पण त्या सरावाचं बिल प्रशिक्षकाच्या नावावर फाटतं. जमशेद नासिरीचा मुलगा कियान भारताचा. २९ जानेवारी २०२२ला एटीके मोहन बागानकडून बदली म्हणून उतरला आणि ईस्ट बंगालविरुद्ध तीन गोल मारून गेला. डर्बीत, म्हणजे एकाच शहरातल्या दोन कट्टर प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यात, हॅटट्रिक! एवढं झाल्यावर पुढच्या मोसमात गोल करण्याची मुख्य जबाबदारी त्याच्याकडे यायला हवी होती, नाही का? ती आली ऑस्ट्रेलियाच्या दिमित्री पेट्राटोसकडे. त्यानं १२ गोल मारले आणि क्लब विजेता ठरला, त्यामुळे निर्णयाला नावं ठेवायलाही जागा उरली नाही.

मग छेत्री कसा घडला? १२ जून २००५ला क्वेट्ट्यात पाकिस्तानविरुद्ध पदार्पण, त्यातच गोल. २००८च्या एएफसी चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यात ताजिकिस्तानविरुद्ध हॅटट्रिक, आणि २०११च्या आशिया चषकाचं दार उघडलं. २०१८ला अंधेरीच्या मैदानावर इंटरकॉन्टिनेंटल चषकात चार सामन्यांत आठ गोल. जून २०२४ला निवृत्त झाला तेव्हा १५१ सामन्यांत ९४. पण बंगळुरूमध्ये मिकूसारखा परदेशी नऊ नंबर असताना तो बहुतेकदा डावीकडून खेळे. म्हणजे देशाचा सर्वांत मोठा गोलवीरही आपल्या क्लबात कित्येक मोसम त्या जागेवर नव्हता. पावणेसहा फुटांहूनही बुटका माणूस पेनल्टी क्षेत्रात हेडरनं गोल करी, तो उंचीवर नव्हे. उडी आधी घ्यायची आणि हवेत वाट बघायची, हे त्यानं साधलं होतं. ते यादीत दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. म्हणून मार्च २०२५ला त्याला परत बोलावलं आणि मालदीवविरुद्ध त्यानं ९५वा मारला. प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांच्यावर टीका झाली. पण त्यांनी शेवटची ओळ खालून वर वाचली होती, एवढाच त्यांचा गुन्हा.

२०२७च्या आशिया चषकाच्या पात्रता फेरीत पहिल्या पाच सामन्यांत भारताचे गोल दोन. बांगलादेशाशी शिलाँगला ०-०, हाँगकाँगला ०-१, सिंगापूरला १-१, मडगावात सिंगापूरकडून १-२, ढाक्यात ०-१. पात्रता हातची गेली. एक गोल छांगतेचा. दुसरा, सिंगापूरमध्ये दहा जणांनिशी खेळताना नव्वदाव्या मिनिटाला, रहीम अलीचा. बचावपटूचा मागे दिलेला चेंडू कमी पडेल हे त्यानं आधी ओळखलं आणि मध्ये घुसला. डावपेच नव्हे, प्रशिक्षकाची सूचनाही नव्हे. ही नऊ नंबरची नाकातली वास घेण्याची शक्ती, आणि तो उतरला होता बदली म्हणून की पहिल्यापासून, यानं फरक पडत नाही. अशा दहा चुका हेरल्या तर एक सापडते, आणि दहा हेरायला मिनिटं लागतात.

मिनिटं देता येत नसतील तर माणूस आणावा, हा मार्ग शेजाऱ्यांनी धरला. इंग्लंडमध्ये वाढलेला, लेस्टर सिटीचा हमझा चौधरी बांगलादेशाकडून पहिला सामना खेळला तो शिलाँगलाच, भारताविरुद्ध. बांगलादेशाला दुहेरी नागरिकत्व चालतं. भारताला चालत नाही. परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूला आधी त्याचा पासपोर्ट सोडावा लागतो, मगच निळा शर्ट. पुणे एफसीचा इझुमी अराता यानं जपानचं नागरिकत्व सोडून २०१२ला भारताचं घेतलं. १३ वर्षांनी बंगळुरूच्या रायन विल्यम्सनं ऑस्ट्रेलियाचं सोडलं. त्याची आई मुंबईत जन्मलेली, आजोबा पन्नाशीच्या दशकात मुंबईकडून संतोष करंडक खेळलेले, म्हणजे नेव्हिल डिसूझाच्याच काळातले. बातमी आली तेव्हा आघाडीचा प्रश्न सुटल्याचा आनंद बराच झाला. यादीत त्याच्या नावापुढे पेन्सिलीनं लिहायला गेलं तर, बंगळुरूत तो खेळतो प्रामुख्यानं उजव्या विंगवर.